ओट्यावरचं अर्धं नाटक

मी नांदेडची. गोदावरीच्या काठी वाढलेलं माणूस लातुरात नोकरीला आलं की पहिल्या आठवड्यातच पाण्यावरून कुरकुरायला लागतं, तशी मीही लागले. पण माझी खरी कुरकुर वेगळी होती. मला कॉलेजात जे शिकवायला नेमलं होतं ते त्या गावात कोणालाच नको होतं. युरोपच्या रंगभूमीचा इतिहास, ग्रीकांपासून आजपर्यंत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हा एक ऐच्छिक पेपर होता आणि मुलं तो घ्यायची ती काही नाटकाच्या ओढीनं नव्हे. त्याचा तास दुपारी असायचा, त्यामुळे सकाळी टँकरच्या रांगेत उभं राहता यायचं. माझ्या वर्गाला हजेरी होती ती एवढ्यामुळेच.

दुष्काळ होता आणि जिल्हाही नुकताच झालेला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. उस्मानाबादेहून दफ्तरांचे ट्रक येत होते आणि दिसेल त्या इमारतीवर कुठल्या ना कुठल्या कचेरीची पाटी लागत होती. पाणी नसलं तरी गाव खुशीत होतं, कारण आता दरखास्त घेऊन उस्मानाबादेची एसटी धरायची गरज नव्हती. साहेब आपल्याच गावात. पानठेल्यावरसुद्धा माणसं खिशात अर्ज घेऊन उभी असायची आणि सरकारी जीप दिसली की सगळ्यांचे हात एकदम खिशाकडे जायचे.

आमच्या कॉलेजचा हॉलही असाच एका कचेरीला गेला. रंगमंचावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचले गेले, आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून आमचा मखमली पडदा उतरवून त्यांना पांघरला. मी प्राचार्यांशी जाऊन भांडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जिल्हा काय रोज रोज होतो? नाटक कधीबी होईल."

त्या दुपारी माझा तास ग्रीकांवर होता. डोक्यात राग तसाच घेऊन मी फळ्यावर डोंगराचा उतार काढला, त्यावर अर्धगोल पायऱ्या काढल्या. हजारो माणसं सकाळपासून तिथं कशी बसायची ते सांगितलं. नाटक म्हणजे देवाच्या उत्सवाचाच भाग, त्याची शर्यत लागायची, परीक्षक नेमले जायचे. नट मुखवटे घालायचे. गाणाऱ्यांचा एक घोळका असायचा आणि तो गावाच्या वतीनं रडायचा, घाबरायचा, शहाणपण शिकवायचा. माझं बोलणं चालू असताना अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत होता, गल्लीत टँकर वळला का म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि त्या म्हणीतसुद्धा पाणी आलं म्हणून मला आणखी राग आला.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मुखवटा घातल्यावर आवाज मागच्या माणसापर्यंत जायचा कसा? तोंड तर झाकलेलं."

मी उतार, पायऱ्या, दगड यांचं गणित समजावलं. पण माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं. तो न ओरडता फळ्यापर्यंत आला होता आणि वर्गातल्या सगळ्या माना खिडकीकडून तिच्याकडे वळल्या होत्या. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, एका अडत व्यापाऱ्याची ती मुलगी. घर दुकानाच्या मागंच, लहानपणापासून पटांगणाच्या या टोकाहून त्या टोकाच्या हमालाला हाक मारायची सवय. नांदेडला नाटकं करताना मी आवाजांसाठी जीव टाकला होता, चांगल्या घरच्या शिकलेल्या मुलींना महिनोन्‌महिने घोकवून घेतलं होतं. हा आवाज मोंढ्यात फुकट तयार होऊन बसला होता.

कॉलेजनं जिल्हा झाल्याच्या आनंदाचा एक कार्यक्रम ठरवला आणि प्राचार्यांनी मला अर्ध्या तासाचं "काहीतरी सांस्कृतिक" बसवायला सांगितलं. मी ग्रीक पद्धतीचं एक छोटं नाटक लिहिलं. एक गाव, एक राजा, एक कोरडी पडलेली विहीर. गावाच्या वतीनं बोलणारा घोळका. आणि राजाची राणी, जी अखेरीस सगळ्यांसमोर उभी राहून बोलते. राणी कोण, हे लिहायच्या आधीच ठरलेलं होतं.

प्राचार्यांनी संहिता चाळली आणि म्हणाले, "राणीचं काम पोराला द्या."

मी म्हटलं, "वर्गात मोंढ्यातली ती मुलगी असताना पोराला कशाला?"

"तुम्हीच शिकवलं की बाई. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. ग्रीकांकडं बायांची कामं पुरुष करायचे, रोमकडं पुरुष करायचे, इंग्रजांची एवढी मोठाली नाटकं झाली त्यातबी मिसरूड न फुटलेली पोरं लुगडी नेसून उभी राहायची. मग आपलं काय अडलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझाच तास त्यांनी माझ्यावर उलटवला. मी त्यांना इटलीतल्या फिरत्या मंडळ्या सांगितल्या, ज्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीनं जागच्या जागी संवाद रचत गावोगाव हिंडायच्या. इंग्लंडात धर्मवेड्यांनी नाटकगृहं बंद पाडली, पुढं राजा परत आला तेव्हा ती उघडली आणि बायका रंगमंचावर आल्या, हेही सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे राजा परत यावा लागला ना? आपल्याकडं कोण येणार?" मग हसून म्हणाले, "तिच्या बापाला विचारा. त्यानं हाव म्हटलं तर माझी हरकत न्हाई." त्यांना खात्री होती की बाप नाहीच म्हणणार. जो प्रश्न सोडवायला युरोपला दोन हजार वर्षं लागली, तो मला कार्यक्रमाच्या आधी एका अडत्याच्या गादीवर बसून सोडवायचा होता.

मोंढा ओस होता. एरवी तूर, करडी, ज्वारीच्या पोत्यांनी पाय ठेवायला जागा नसायची. आता आवकच नव्हती. सौद्याचा दगडी ओटा पत्र्याखाली रिकामा पडला होता आणि हमाल त्यावर आडवे झालेले. मुलीचे वडील गादीवर बसले होते, कपाळाला भस्माचे पट्टे. सगळा मोंढा त्यांना अप्पा म्हणायचा, मीही अप्पाच म्हटलं. त्यांनी मला घरातलं, माठातलं पाणी दिलं. त्या दिवसांत ते फार मोठं देणं होतं आणि मला नाटकाचा विषय काढायची लाज वाटली. तरी काढला.

"शिवा शिवा," ते म्हणाले. "पोरगी पडद्यामागनं निघून स्टेजवर जाणार? चार लोकं काय म्हणतील?"

मी इतिहासाचा आधार घेतला, दुसरं हाती होतं काय. म्हटलं, युरोपात एक काळ असा होता की नट म्हणजे वाया गेलेला माणूस, चर्च त्याला जवळ करायचं नाही. पण मग त्याच चर्चमध्ये, पूजेच्या मधोमध, देवाची गोष्ट करून दाखवायला सुरुवात झाली. ती हळूहळू देवळाबाहेर आली आणि बाजारात पोचली. तिथं ती कोणी सांभाळली? व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी. एकेका धंद्याची पंचायत एकेक प्रवेश वाटून घ्यायची, गाड्यावर रंगमंच बांधायची आणि गावातून ओढत न्यायची. पाव भाजणारे देवाच्या शेवटच्या जेवणाचा प्रवेश करायचे, जहाजं बांधणारे जलप्रलयाचा.

अप्पा सावरून बसले. व्यापारी म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले होते. "जलप्रलय? मग तोच लावा की आमच्याकडं. लई दिवस झाले पाणी बघून."

हमाल हसले. मला कळलं की गाडी रुळावर आली. पण अप्पा व्यापारी माणूस, सौदा केल्याशिवाय कसे सोडतील? त्यांच्या अटी एकेक करून आल्या. स्टेजवर नाही. मोंढ्यातल्या ओट्यावर झालं तर चालेल. ओटा आपला, समोर बसणारी माणसं आपली, तिथं पोरगी उभी राहिली तर ती घरातच उभी राहिल्यासारखी. तोंडाला रंग नाही. दिवस मावळायच्या आत संपलं पाहिजे. आणि राणीबिणी नाही, लग्नाआधी पोरगी कोणाची बायको म्हणून उभी राहायची नाही. राजाची मुलगी करा. मी सगळं कबूल केलं. मनात म्हटलं, ग्रीकांचीही नाटकं उजेडातच व्हायची आणि दगडावरच व्हायची. या माणसानं काही न वाचता मला माझ्या नाटकाच्या जवळच नेलंय. तो आनंद मी फार दिवस पुरवला. पुढं उपयोगी पडेल असं दुसरं काही घडलंच नाही.

तालमी टँकरच्या वेळापत्रकावर चालायच्या. टँकर आला की घोळका घागरी घेऊन पळायचा आणि माझ्यासमोर एकटा राजा उरायचा, तोही एका घागरीकडे नजर ठेवून. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी चिडायचे, ओरडायचे, एकदा तर संहिता ओट्यावर आपटून घरी निघून आले. तीच मुलगी मागं आली. म्हणाली, "मॅडम, रांगेत उभं राहून माझं पाठ झालं. बाया म्हणतेत, कुणाशी बोलून राहिलीस गं? मी म्हटलं, राजाशी." मग थोडं थांबून म्हणाली, "एक सांगू का? विहीर आटली असं नका करू. बुजवली असं करा."

मला ते एकदम पटलं. आटलेल्या विहिरीत नाटक नसतं, बुजवलेल्या विहिरीत असतं. कोणीतरी बुजवलेली असते. मी तिच्या भाषणाचे दोन भाग केले. पहिल्या भागात ती राजापुढं गावाची तहान मांडते, पाणी मागते. मग मोठा विराम. मग ती गावकऱ्यांकडे वळते आणि विचारते की विहीर बुजवायला माती कोणी वाहिली. तो दुसरा भाग लिहिताना मी जरा घाबरले, पण तिनं तो पहिल्याच तालमीत असा म्हटला की ओट्यावर आडवे पडलेले हमाल उठून बसले. "मला हेच म्हणायचंय मॅडम," ती म्हणाली. "पहिलं काय, पहिलं कोणीबी म्हणेल." त्यानंतर तिला दुसऱ्या कशाची पर्वा उरली नाही. कपडे कोणते, लोक किती येणार, काही विचारायची नाही. रोज एवढंच विचारायची, दुसरा भाग कापणार तर नाही ना.

अप्पा रोज समोर गादीवर असायचे. वही पुढं ओढून बसलेले, पण वहीत लिहायला काही नव्हतं. मला वाटायचं, बाप मुलीचं कौतुक ऐकतोय.

वर्गात त्या सुमारास चौथी भिंत आली. मला तो भाग शिकवायला फार आवडतो. मेणबत्त्यांच्या काळात प्रेक्षागृहातही उजेड असायचा, लोक एकमेकांना बघायला यायचे, काही बडी धेंडं तर रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसायची. मग त्यांना हाकललं गेलं. पुढं गॅसचे दिवे आले, ते हवे तसे मंद करता यायचे. प्रेक्षक अंधारात गेले आणि रंगमंचावर तीन भिंतींची खरी खोली उभी राहिली, खऱ्या दारांची. चौथी भिंत अदृश्य. नटानं असं वागायचं की समोर कोणी नाहीच, आणि प्रेक्षकानं असं बसायचं की आपण नाहीच. आणि एवढा आटापिटा करून उभारलेली ती भिंत पुढच्या शतकात काही नाटकवाल्यांनी मुद्दाम फोडली, प्रेक्षकांना जागं करायला. हे सगळं सांगताना मी रंगात आले आणि तालमीत ठरवलं की आपणही फोडायची. राजा ओट्यावर नको. राजाची खुर्ची खाली, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, मधोमध. म्हणजे मुलगी बोलेल ती सरळ लोकांकडे तोंड करून. अप्पांच्या घरची हाताची, नक्षीची जुनी खुर्ची त्यासाठी आणली.

कार्यक्रमाच्या दिवशी मोंढा भरला. लोक रिकाम्या पोत्यांवर बसले, बाया दुकानांच्या पायऱ्यांवर. जीप आली, पाहुणे म्हणून बोलावलेले कलेक्टर साहेब उतरले. तरुण होते, नव्यानं आलेले, घामेजलेले. मी ओट्यामागं घोळक्याला उभं करत होते, तेवढ्यात प्राचार्यांनी सगळ्या पटांगणावर नजर फिरवली. पहिल्या रांगेत, मधोमध, हाताची, नक्षीची एकच खुर्ची. बाकी सगळ्या पत्र्याच्या घडीच्या. त्यांनी साहेबांना हाताला धरून त्या खुर्चीत नेऊन बसवलं.

मी धावले. "सर, ती राजाची खुर्ची आहे."

"मग बरोबरच हाय की," प्राचार्य म्हणाले.

आमचा राजा पुठ्ठ्याचा मुकुट घालून बाजूला उभा राहिला. एकानं त्याला "ए पोरा, खाली बस, मागच्याला दिसत न्हाई" म्हटलं, तसा तो खाली बसला. मला त्या वेळी नाटक थांबवता आलं असतं का? नाही. साहेबाला खुर्चीतून उठवणारा माणूस त्या नव्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा होता.

घोळका गायला, बरा गायला. मग ती पुढं आली. साधी साडी, तोंडाला रंग नाही. तालमीत जिथं बघून बोलायला शिकवलं होतं तिथं, त्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "महाराज, गावाचा घसा कोरडा पडलाय. घागरी उपड्या आहेत. लेकरं चूळ भरायचं विसरली आहेत. गुरं हंबरायची थांबली आहेत, कारण हंबरायलाही थुंकी लागते. तुम्ही या गावचे धनी. तुम्हीच सांगा, पाणी कधी?"

नांदेडमध्ये, औरंगाबादेत, पुढं पुण्यामुंबईतही मी पुष्कळ नाटकं पाहिली; त्या पत्र्याखालच्यासारखी शांतता मी कुठंच ऐकली नाही. साहेब त्या खुर्चीत अवघडले, त्यांनी घाम पुसला. विराम सुरू झाला. तो मी मोठा ठेवला होता, तिनं सावकाश श्वास घ्यावा, मान वळवावी, आणि मग लोकांकडे बघावं.

तिची मान वळत होती तेवढ्यात अप्पा उठले. दुसऱ्या रांगेतून उठून त्यांनी हात जोडले आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, पोरगी बरोबर बोलून राहिली. आमच्या गल्लीत टँकरच येत न्हाई. आला तर अर्धा येतो. तुम्ही मायबाप."

एक माणूस उठला की दुसरा बसून कसा राहील? "आमच्याकडं तर न्हाईच येत साहेब." "आमच्या बोअरला पंप द्या." सगळ्यांचे हात खिशाकडे गेले, अर्ज निघाले, डोक्यांवरून पुढं सरकत आले. साहेबांना वाटलं कार्यक्रमच असा आहे, की गावानं गोड बोलून मागणं मांडलंय. ते उभे राहिले, भले माणूस होते, म्हणाले, "उद्यापासून या भागात टँकर येईल. दोन्ही वेळा." टाळ्यांनी पत्रा दणाणला. प्राचार्य हार घेऊन धावले, कोणीतरी नारळ फोडला. युरोपनं चौथी भिंत बांधायला आणि फोडायला शतकं घालवली. आमच्याकडे ती होती हेच कोणाच्या लक्षात आलं नाही.

ती ओट्यावर उभीच होती. पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलेलं, आणि समोर सगळ्यांच्या पाठी. मी मागून ओरडले, "बोल, पुढचं बोल!" पण तो जगातला सगळ्यात चांगला आवाजही त्या टाळ्यांतून जाणारा नव्हता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. जवळच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "रडू नका मॅडम, झालं की काम!"

टँकर आला, काही दिवस दोन्ही वेळा, मग एक वेळा, मग पूर्वीसारखा. पण गावात बोलबाला झाला की अमक्याच्या पोरीनं पाणी आणलं. प्राचार्यांनी वार्षिक अहवालात माझ्या नावापुढं "समाजकार्य" असं लिहिलं. ती मुलगी मात्र वर्गात येईना. लोक तिला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे, म्हणून ती घराबाहेरच पडत नव्हती, असं मैत्रिणीनं सांगितलं.

शेवटी मी अप्पांकडे गेले. म्हटलं, दुसरा प्रयोग करू. साहेब नकोत, हार नकोत. ओट्यावरच, दिवसाउजेडीच, तुमच्या सगळ्या अटी मान्य. पूर्ण नाटक होऊ द्या.

"आता कशाला मॅडम? टँकर आला की," अप्पा म्हणाले.

"तिचं भाषण अर्धं राहिलं, अप्पा. तुम्ही मधेच उठलात. तुम्हाला माहीत नव्हतं, पण त्यानंतर..."

"माहीत होतं," ते म्हणाले. "रोज ऐकत होतो मी. तुमच्या राजाला पाठ नसेल तेवढं मला पाठ हाय."

अप्पांनी गादीवरचा रुमाल उगीच झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग आवाज उतरवून बोलले. मागच्या गोदामांच्या जागी पूर्वी आड होता. वाटसरू, हमाल, बैलं, सगळ्यांना पुरायचा. गोदामांना जागा हवी होती, तर इथल्या अडत्यांनी मिळून तो बुजवला. ठराव सगळ्यांचा, माती सगळ्यांची. आताच्या हमालांना तिथं आड होता हेही ठाऊक नव्हतं. "तिचा आजा नको म्हणत होता. मी हाव म्हटलं. ती तेव्हा एवढीशी होती. ध्यानात राहील असं वाटलं न्हाई मला."

म्हणजे विहीर बुजवली असं करा म्हणाली ती माझ्या नाटकासाठी नव्हे. मला ते कळलं, आणि माझा राग एकाएकी कुठं ठेवायचा तेच कळेना. मी ग्रीक शिकवत बसले होते. ती पोर लातूरचं बोलत होती.

ती चहा घेऊन दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. बशा तिनं खाली ठेवल्या. पुढं दुकानात माणसं होती म्हणून अप्पा म्हणाले, "हळू बोल." तिनं बापाकडे बघितलं आणि हळूच बोलायला लागली. शेजारच्याला ऐकू येऊ नये इतक्या हळू, पण एक शब्द न गाळता.

"आता तुमच्याकडं वळते, गावकऱ्यांनो. हुकूम राजाचा होता, टोपली कोणाची होती? पहिली माती पडली तेव्हा खालून पाण्याचा आवाज आला. तो कोणी ऐकला? ऐकून कोण घरी गेलं, कोण जेवलं, कोण झोपलं? पाणी देवानं नेलं नाही. ते खाली आहे, आपल्याच मातीखाली, आणि वर उभं राहून आपण त्याच्यासाठी हात पसरतोय."

बाहेर कोणीतरी अप्पांना हाक मारली. ते उठले नाहीत. खाली बघतच म्हणाले, "हे तू तिथं म्हणली असतीस, तर दुसऱ्या दिवशी मला या मोंढ्यात बसता आलं नसतं, पोरी."

"व्हय अप्पा," ती म्हणाली. "पण त्या हमालांना पाणी कुठं गेलं ते कळलं असतं."